आधी गाडी ओळखा, मग रंग निवडा
जुन्या अमेरिकन मसल कारला कारखान्याचा मूळ रंग द्यावा की मनाजोगता?

१९६४ साली पॉन्टिअॅकने मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवून जीटीओ बाजारात आणली आणि अमेरिकेत मसल कारचा जमाना सुरू झाला, असं सर्वसाधारणपणे मानतात. विम्याचे चढते हप्ते, प्रदूषणाचे नियम आणि १९७३चं तेलसंकट यांनी तो संपवला. जेमतेम दहा वर्षांचा हा काळ. पण त्या काळात डेट्रॉइटच्या कारखान्यांनी जसे रंग दिले, तसे त्याआधी कुणी दिले नव्हते. १९७०च्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जांभळ्या, पोपटी, भडक नारिंगी, इतकंच काय गुलाबी रंगातही मिळत. एकाच रंगाला दोन्ही कंपन्या वेगळी नावं देत. डॉजचा ‘प्लम क्रेझी’ प्लिमथकडे ‘इन-व्हायलेट’ व्हायचा आणि डॉजचा ‘सबलाइम’ तिकडे ‘लाइमलाइट’ म्हणून विकला जायचा.

या गाड्यांवर जीव लावणाऱ्यांत आता आपली मराठी मंडळीही आहेत, मिशिगनमध्ये मोटार उद्योगात काम करणारी तर विशेष. दर ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग लागते. ती एकदा पाहिली की आपल्याही गॅरेजमध्ये अशी एक असावी असं वाटू लागतं. मग गाडी येते, पत्र्याचं काम होतं, प्रायमर चढतो आणि पेंटर विचारतो, “रंग कोणता?”

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. आवडता रंग कोणता, हा दुसरा प्रश्न आहे. आपल्या हाती आलेली गाडी नेमकी कोणती आहे, हा पहिला. त्याचं उत्तर मिळालं की रंगाचा निम्मा निर्णय आपोआप होतो.

गाडीवरच लिहिलेलं असतं

गाडी कारखान्यातून कोणत्या रंगात निघाली, हे बहुतेक वेळा गाडीवरच लिहिलेलं असतं. फक्त ते कुठे शोधायचं आणि कसं वाचायचं, हे माहीत हवं.

डॉज आणि प्लिमथच्या गाड्यांत बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूच्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर एक छोटी धातूची पट्टी असते. १९७०च्या डॉज चॅलेंजरची ही पट्टी खालून वर वाचायची. सर्वांत खालच्या ओळीत इंजिन, गिअरबॉक्स आणि गाडीच्या क्रमांकाची माहिती असते. तिच्या वरच्या ओळीतला पहिला संकेत रंगाचा. तिथे ‘एफसी७’ असेल तर गाडी प्लम क्रेझी, ‘ईव्ही२’ असेल तर हेमी ऑरेंज, ‘एफजे५’ असेल तर सबलाइम. त्याच पट्टीवर ‘व्ही१एक्स’ दिसलं, तर छतावर काळं व्हायनिल होतं असं समजावं.

फोर्डमध्ये ही माहिती ड्रायव्हरच्या दारावर मिळते. तिथे रंगासाठी एकच अक्षर किंवा अंक असतो. १९६८च्या मस्टँगवर ‘आर’ असेल तर हायलँड ग्रीन, १९७०च्या गाडीवर ‘जे’ असेल तर ग्रॅबर ब्लू. अक्षर वाचताना सालाकडे लक्ष हवंच. १९६८ मध्ये ‘डी’ म्हणजे अकापुल्को ब्लू हा निळा होता, तर १९७० मध्ये तेच अक्षर पिवळ्या रंगाला दिलं गेलं. नुसतं अक्षर सांगून रंग मागवला तर भलताच डबा हाती पडेल.

शेव्हर्लेमध्ये इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर पट्टी असते. १९६९च्या कॅमॅरोत रंगाचा आकडा दोन अंकी असतो. ७१ म्हणजे लेमाँ ब्लू, ७२ म्हणजे हगर ऑरेंज, ७९ म्हणजे रॅली ग्रीन. पट्टीवर दोन संकेत असतात, एक अंगाचा आणि एक छताचा. आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा असतील तर निराश होऊ नका. गिऱ्हाइकाने यादीबाहेरचा खास रंग मागवला होता, याची ती खूण असते आणि अशा गाड्या दुर्मीळ असतात.

पट्टीवर डोळे मिटून विश्वास नको

डॉज-प्लिमथची पट्टी दोन स्क्रूंवर बसलेली असते. ती काढणं सोपं आणि दुसरी लावणंही सोपं. म्हणून पट्टीला कागदाचा आणि पत्र्याचा दुजोरा घ्या.

कागद कंपनीनुसार वेगळे मिळतात. फोर्डच्या १९६७पासूनच्या गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी मार्टी ऑटो वर्क्स या संस्थेकडून पैसे भरून मिळतात. पॉन्टिअॅकच्या १९६१पासूनच्या गाड्यांसाठी पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस आहे. जीटीओ किंवा फायरबर्ड घेतली असेल तर हा कागद आधी मागवा. अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्या काळातल्या शेव्हर्लेंसाठी अशी सोय नाही. गाडी मूळची कॅनडात विकली गेली असेल, तर मात्र शेव्हर्लेची मालक असलेल्या जनरल मोटर्सच्या तिथल्या कंपनीकडून तपशील मिळू शकतो. डॉज-प्लिमथवाल्यांनी मागची सीट उचलून स्प्रिंगांमध्ये हात घालून पाहावा. कारखान्यात गाडीबरोबर फिरणारा तपशिलाचा कागद पुष्कळदा तिथेच अडकलेला सापडतो.

पत्र्याचा पुरावा शोधायला थोडा वेळ द्यावा लागतो. ज्या जागी नंतरच्या पेंटरचा हात पोहोचलेला नसतो, तिथे पाहा. डॅशबोर्डच्या खाली, दिव्यांच्या खोबणीमागे, दाराच्या रबराखाली, मागच्या काचेच्या आतल्या पॅनेलमागे मूळ रंग टिकून असतो. याशिवाय एक जुनी युक्ती आहे. डिकीच्या आतल्या बाजूला, सहज नजर जाणार नाही अशा ठिकाणी, बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून नाण्याएवढी जागा हलकेच घासा. झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं उमटतात. उदाहरणार्थ, वर अलीकडचा लाल, त्याखाली करडा प्रायमर, मग जुना पांढरा, पुन्हा प्रायमर आणि तळाशी, कारखान्याच्या प्रायमरवर, एक निळी कड. ती निळी कड कारखान्याची. पट्टीवरचा संकेत आणि ही कड जुळली तर गाडीची ओळख पक्की समजा. हे घासणं ओलंच ठेवा, कारण त्या काळच्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत शिशाची संयुगं वापरली जात. कोरडी धूळ श्वासात जाऊ देऊ नका आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका.

मूळ रंग कधी सोडू नये

काही गाड्यांच्या बाबतीत मी कुणालाही रंग बदलण्याचा सल्ला देणार नाही.

पहिली म्हणजे अजून कारखान्याच्याच रंगात उभी असलेली गाडी. कारखान्याचा थर एकदाच मिळतो. तो फिका पडला असेल, काठांवर उडाला असेल, तरी जमेल तितका जपा. ‘बुलिट’ या १९६८च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग जानेवारी २०२० मध्ये लिलावात आली, तेव्हा तिच्यावर पोचे होते, गंज होता, रंग उतरलेला होता. मालकांच्या घराण्याने ती नवीकोरी करण्याचा मोह टाळला होता. तिला शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलर मिळाले. तिच्या मागे चित्रपटाची पुण्याई होती हे खरं. पण नवा रंग चढवून विकली असती, तर पडद्यावर दिसलेला तो पत्रा कायमचा झाकला गेला असता.

दुसरी म्हणजे मूळ इंजिन, मूळ गिअरबॉक्स आणि कागदपत्रं शाबूत असलेली मोठ्या इंजिनाची गाडी. हेमी इंजिनाची चॅलेंजर, एलएस६ इंजिनाची १९७०ची शेव्हेल किंवा रॅम एअर इंजिनाची जीटीओ अशा गाड्यांना रंगाचा संकेत ही त्यांच्या ओळखपत्राचीच एक ओळ असते. पट्टी हिरवा म्हणते आणि गाडी लाल दिसते, हे गिऱ्हाइकाच्या पहिल्या फेरीतच लक्षात येतं आणि तिथून किंमत खाली येऊ लागते.

तिसरी म्हणजे रंगामुळेच नाव मिळालेली गाडी. १९६५च्या रस्त्यावर धावणाऱ्या शेल्बी जीटी३५० सगळ्या विम्बल्डन व्हाइट होत्या. पॉन्टिअॅकची ‘जज’ १९६९ साली आली तीच कॅरोसेल रेड रंगात, आणि हा रंग म्हणजे कॅमॅरोचाच हगर ऑरेंज. अशा गाडीचा रंग बदलला की तिची गोष्टच पुसली जाते.

इथे एक अडचण हमखास येते. कागद सांगतात की गाडी मुळात मळकट हिरवी किंवा फिकट सोनेरी होती, आणि मालकाला तर हेमी ऑरेंज हवा असतो. त्या काळी असे सौम्य रंग भरपूर विकले गेले. गंमत अशी की पुढच्या मालकांनी त्यांतल्या पुष्कळ गाड्या लाल, काळ्या किंवा नारिंगी करून टाकल्या. त्यामुळे आज मेळाव्यात लाल गाड्यांची रांग लागते आणि गर्द हिरवी गाडी एखादीच असते. तुमच्या गाडीचा मूळ रंग साधा असेल, तर त्याचा एक तुकडा रंगवून उन्हात धरून पाहा आणि मगच नाही म्हणा. चांगल्या पत्र्यावर नीट चढवलेला शेव्हर्लेचा गर्द हिरवा फॅदम ग्रीन पाहिल्यावर विचार बदलतो.

मनाचा रंग कधी घ्यावा

आता दुसरी बाजू. लहान इंजिनाची साधी गाडी, मूळ इंजिन केव्हाच बदललेली गाडी, कागद नसलेली गाडी किंवा दोन-तीन गाड्यांच्या भागांतून उभी केलेली गाडी असेल, तर तिच्यावर इतिहासाचं ओझं लादू नका. नवं इंजिन, नवे ब्रेक, नवं सस्पेन्शन घालून जुन्या अंगाची गाडी रोज चालवायची असेल, तरी हेच लागू. अशा गाडीला हवा तो रंग द्या आणि मोकळ्या मनाने द्या. अट एकच: विकताना खरं सांगा. रंग बदलणं हा गुन्हा नाही, बदललेला रंग मूळचा म्हणून खपवणं ही फसवणूक आहे.

बहुतेकांना मी एक मधला मार्ग सुचवतो. रंग बदला, पण त्याच कंपनीच्या त्याच सालच्या यादीतला घ्या. पांढरी निघालेली १९७०ची प्लिमथ बॅराकुडा लाइमलाइट केली, तर ती मूळची ठरणार नाही, पण तिच्या काळात शोभेल. तिच्यावरचे पट्टे, चाकं आणि अक्षरं त्या रंगाशी जमतील. उद्या विकायची झालीच, तर घेणाराही लवकर मिळेल. त्या काळची डिट्झलर किंवा ड्यूपाँची रंगपत्रकं जुन्या साहित्याच्या बाजारात मिळतात. रंगाचे खरे छोटे तुकडे चिकटवलेली ती पत्रकं समोर ठेवून निवड करा. संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या रंगावर जाऊ नका.

पूर्ण स्वतंत्र रंग घ्यायचा ठरला तर कँडी, पर्ल आणि फ्लेक या प्रकारांचा मोह होतो. कँडी म्हणजे चमकदार धातूच्या थरावर चढवलेले पारदर्शक रंगाचे कोट. जितके कोट, तितकी छटा गडद. पार्किंगमध्ये दाराला ओरखडा पडला, की तेवढाच भाग जुळवून रंगवणं जवळजवळ अशक्य. मेळाव्यापुरती गाडी असेल तर हौस करा. किराणा आणायलाही तीच न्यायची असेल, तर एकसंध सपाट रंग निवडा. तो पुढे दुरुस्त करता येतो.

रंग बदलण्याचा खरा खर्च

मूळ रंग पुन्हा देणं आणि रंग बदलणं, या कामांत मोठा फरक आहे. मूळ रंगात दाराच्या कडा, डिकीचा आतला भाग, बिजागऱ्या आधीच जुळलेल्या असतात. रंग बदलला की त्या सगळ्या बदलाव्या लागतात. नाहीतर दार उघडताक्षणी जुना रंग डोकावतो आणि सगळं काम हलकं वाटतं.

इथे कंपनीनुसार खर्च बदलतो. शेव्हर्ले-पॉन्टिअॅकमध्ये इंजिनामागचा पत्रा काळा असायचा, आणि १९६७ ते १९७३च्या मस्टँगमध्ये इंजिनाभोवतीचा भागही काळाच. डॉज-प्लिमथमध्ये मात्र तो सगळा भाग गाडीच्याच रंगात असायचा. म्हणजे चॅलेंजरचा रंग बदलायचा तर इंजिन बाहेर काढल्याशिवाय काम पुरं होत नाही. पेंटरकडून भाव घेताना “दाराच्या कडा, डिकी, बॉनेटची आतली बाजू आणि इंजिनाभोवतीचा पत्रा धरून किती?” असंच विचारा. स्वस्त भावात यातलं काहीतरी वगळलेलं असतं.

छटा पाहायची कशी

रंग ठरवण्याआधी निदान तीन तुकडे रंगवून घ्या. वहीच्या पानाएवढे सपाट तुकडे पुरत नाहीत. जुन्या मडगार्डसारखा वळणाचा पत्रा मिळाला तर उत्तम, कारण वळणावर उजेड पडला की छटा बदलते. तुकडे सकाळच्या उन्हात, दुपारी, सावलीत आणि रात्री पेट्रोलपंपाच्या दिव्यांखाली पाहा. प्लम क्रेझी उन्हात पेटून उठतो आणि सावलीत काळसर वाटतो. हे आवडलं तर तो तुमचा रंग.

गाडीच्या आकाराचाही विचार करा. १९६८ ते १९७०च्या डॉज चार्जरच्या दारांवर जे खोलगट ठसे आहेत, ते मध्यम छटेच्या धातूमिश्रित रंगात उठून दिसतात आणि गडद काळ्यात बुडतात. काळा रंग आणखी एक परीक्षा घेतो. पत्र्यावरची प्रत्येक लाट, लांबीचा प्रत्येक उंचवटा त्यात आरशासारखा दिसतो. पत्र्याचं काम अव्वल नसेल तर काळ्याच्या वाटेला जाऊ नका. पांढरा, पिवळा किंवा फिकट रंग हे दोष पोटात घालतो.

आतल्या सीटचा रंग, छतावरचं व्हायनिल, पट्टे आणि चाकं यांच्यासह निर्णय घ्या. निळ्या सीट असलेल्या गाडीला नारिंगी रंग दिला तर सीटचाही खर्च अंगावर येतो. पट्ट्यांचा निर्णय तर शेवटी नाही, पहिल्याच दिवशी घ्यायचा. १९७०च्या ’कुडाच्या, म्हणजे बॅराकुडाच्या दमदार आवृत्तीच्या, मागच्या बाजूला हॉकी स्टिकसारखा पट्टा आणि त्यात इंजिनाचा आकडा असायचा. तो काळा की पांढरा, हे अंगाचा रंग ठरवतानाच ठरवावं लागतं.

डब्यात काय असावं

त्या काळी जनरल मोटर्स अॅक्रिलिक लॅकर वापरायची, तर फोर्ड आणि डॉज-प्लिमथची मालक क्रायस्लर भट्टीत भाजलेला इनॅमल. वर पारदर्शक क्लिअर कोट नसे. आज बहुतेक पेंटर खाली रंगाचा कोट आणि वर क्लिअर कोट अशी पद्धत वापरतात. ती टिकाऊ आहे, उन्हात लवकर फिकी पडत नाही आणि धातूमिश्रित रंगांत घासून चमक आणणं सोपं जातं. चालवायच्या गाडीला हीच बरी. फक्त क्लिअर कोटचा थर जाड झाला की गाडी काचेत बुडवल्यासारखी दिसते, त्या काळच्या गाडीसारखी राहत नाही. सपाट रंगाची, काटेकोर परीक्षेला न्यायची गाडी असेल, तर क्लिअर कोट नसलेला एकाच थराचा युरेथेन रंग विचारून पाहा. त्याची झळाळी जुन्या रंगाच्या जवळ जाते.

खरा लॅकर वापरायचा हट्ट असेल, तर दोन गोष्टी लक्षात घ्या. थर जाड झाला की काळाच्या ओघात तो तडकतो, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत अशा द्रावकांवर कडक नियम आहेत. युरेथेन घरच्या गॅरेजमध्ये मारायचा विचार तर सोडूनच द्या. त्याच्या हार्डनरमधली आयसोसायनेट फुफ्फुसांना कायमची इजा करू शकतात. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क आणि योग्य बूथ असलेल्या पेंटरकडेच ते काम द्या.

मूळ संकेत सांगून रंग मागवला तरी पहिलाच डबा बरोबर निघेल असं नाही. एकाच संकेताचे वेगवेगळ्या कंपन्यांचे रंग थोडे वेगळे येतात. पत्र्यावर सापडलेला मूळ रंग पॉलिश करून त्याच्याशी जुळवा, कारण साठ वर्षं उन्हात राहिलेला वरचा थर खरी छटा दाखवत नाही. धातूमिश्रित रंगात दारं, बॉनेट आणि मडगार्ड एकाच मिश्रणातून, एकाच दिशेने धरून रंगवायला सांगा. नाहीतर धातूचे कण वेगळे बसतात आणि एकाच गाडीची दोन दारं दोन गाड्यांची वाटतात.

काम सुरू करण्याआधी

पट्टीचे, लपलेल्या रंगाचे, प्रत्येक थराचे फोटो काढून ठेवा. मूळ पट्टी कधीही फेकू नका, बदलू नका. रंग वेगळा दिलात तरी ती जिथे होती तिथेच राहू द्या. डिकीत किंवा डॅशबोर्डमागे एक तळहाताएवढी जागा मूळ रंगात न घासता ठेवा, पुढच्या मालकाला ती उपयोगी पडेल. मिश्रणाचं सूत्र, कंपनी आणि कोटांची संख्या लिहून घ्या आणि उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात जपा. विमा कंपनीला रंगाची आणि खर्चाची माहिती द्या. जुन्या गाड्यांसाठी दोन्ही बाजूंनी आधीच ठरवलेल्या किमतीचा विमा मिळतो, तो घ्या. नोंदणीत रंग लिहिला जात असेल तर राज्याच्या कार्यालयालाही कळवा.

गाडी दुर्मीळ असेल, कागद पक्के असतील, तर तिचा जन्माचा रंग तिला परत द्या. साधी असेल, तर तिच्या सालच्या यादीतून मनासारखा रंग निवडा आणि काम कडेपर्यंत पुरं करा. निर्णयाची घाई मात्र करू नका. प्रायमरमधली गाडी गॅरेजमध्ये महिनाभर थांबू शकते. तेवढ्यात रंगवलेले तुकडे उन्हात पाहा, कागद मागवा, सीटखाली हात घालून पाहा, आणि मगच पेंटरला रंगाचं नाव सांगा.